अबोल श्रोता आणि परिप्रश्न

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या श्रीचरणी दंडवत घालून या अंकी जो विचार आरंभिला आहे, तो एखाद्या सूत्राच्या अर्थाचा नाही. सूत्र सांगणारा आणि सूत्र ऐकणारा या दोघांमध्ये जो व्यवहार घडतो, अथवा घडावयास हवा असून घडत नाही, त्याचा हा विचार आहे.

निरूपण संपते. महंत पोथीवरील दृष्टी उचलून विचारतात, "कोणास काही शंका?" सभा स्तब्ध असते. पुढच्या ओळीतले वृद्ध उपदेशी मान डोलावतात, मागे बसलेले तरुण भिक्षुक खाली पाहतात, एका बाजूस बसलेल्या बायाबापड्या पदर सावरतात. क्षणभर वाट पाहून पोथी बासनात बांधली जाते आणि सर्वांस विषय समजला, असे गृहीत धरून मंडळी उठतात. या गृहीतात फार मोठा धोका आहे. सभेचे मौन ही संमती असू शकते, मनन असू शकते, संकोच असू शकतो, किंवा ऐकलेले मुळीच पोहोचले नाही याची खूणही असू शकते. बाहेरून या चारही अवस्था सारख्याच दिसतात.

इतर एखाद्या विद्येत विद्यार्थ्याने प्रश्न केला नाही तर त्याची विद्या अपुरी राहील, एवढीच हानी. आपल्या परममार्गात गोष्ट याहून गंभीर आहे. जीव अनादि अविद्येने बद्ध आहे आणि त्याच्या ठायी केवळ अज्ञान नाही, अन्यथाज्ञानही आहे, हा आपल्या शास्त्राचा सिद्धांत. अज्ञान म्हणजे न जाणणे. अन्यथाज्ञान म्हणजे जे जसे नाही ते तसे जाणणे. ज्याला काही माहीत नाही त्याला निदान आपल्याला माहीत नाही हे कधीतरी टोचते आणि तो विचारतो. अन्यथाज्ञानाला मात्र टोचणी नसते. देवतेच्या ठायी परमेश्वरबुद्धी ठेवणारा मनुष्य शंकित नसतो, तो पूर्ण निश्चिंत असतो. निरूपण ऐकतानाही तो आपल्या निश्चयाच्या साच्यात प्रत्येक शब्द ओतून घेतो आणि तृप्त होऊन घरी जातो. अशा श्रोत्याचे मौन सर्वांत गाढ आणि सर्वांत फसवे. तो प्रश्न विचारीत नाही, कारण त्याच्यापाशी उत्तर आहे. आणि ते उत्तर चुकीचे आहे हे निरूपणकारास कळावयाचे तर त्याने तोंड उघडले पाहिजे.

हत्तीचा दृष्टांत आपणा सर्वांस मुखोद्गत आहे. आंधळ्यांनी हत्ती चाचपला. ज्याच्या हाती पाय आला त्यास तो खांबासारखा वाटला, ज्याच्या हाती कान आला त्यास सुपासारखा. केशिराजबासांनी लाविलेले दार्ष्टांतिक येथे पुन्हा सांगत नाही. दृष्टांताच्या एका वेगळ्याच अंगाकडे लक्ष वेधावयाचे आहे. ते आंधळे बोलले, भांडले, म्हणून त्यांची चूक डोळस मनुष्याच्या कानी पडली आणि त्याला ती सांगता आली. समजा, त्यांच्यापैकी एक जण अबोल असता. शेपटी चाचपून, हत्ती म्हणजे खराटा असा निश्चय करून तो गुपचूप घरी निघून जाता, तर डोळसाने काय करावे? त्याच्या मनातला खराटा कोणास दिसणार होता? आपल्या निरूपणसभांतून असे किती खराटे दरवर्षी घरोघरी जात असतील याचा हिशोब कोणी मांडलेला नाही.

शिष्याने बोलावे कसे आणि गुरूने बोलते करावे कसे, याचा सर्वांत विस्तृत पाठ आपणांस भगवान श्रीकृष्णांच्या गीतेत मिळतो. आपण गीता सिद्धांतासाठी वाचतो. एकदा ती केवळ अर्जुनाच्या प्रश्नांकडे पाहत वाचावी. दुसऱ्या अध्यायात अर्जुन आपण शिष्य असल्याचे सांगतो, शरण आल्याचे सांगतो आणि दोनच श्लोकांनंतर, युद्ध करणार नाही असे म्हणून गप्प होतो. शिष्यत्व पत्करताच पहिली गोष्ट घडते ती मौनाची. हे मौन ज्ञानाचे नव्हे, ते खचलेल्या मनाचे आहे. श्रीकृष्ण महाराज त्यावर रागावत नाहीत, आणि शिष्य गप्प झाला म्हणून विषय संपला असेही मानीत नाहीत. प्रसन्न मुखाने ते बोलू लागतात आणि बोलत राहतात. चाळीसहून अधिक श्लोक होईपर्यंत अर्जुनाकडून शब्द नाही. मग त्याचा प्रश्न येतो, तो कोणता? आत्मा काय, ब्रह्म काय, असा भव्य प्रश्न तो करीत नाही. स्थिरबुद्धीचा मनुष्य बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा, एवढेच तो विचारतो. एखाद्या पंडिताने हा प्रश्न पोरकट ठरविला असता. भगवंतांनी त्याचे उत्तर अध्यायाच्या शेवटपर्यंत दिले.

त्या उत्तराने शिष्याचे भय गेले, हे पुढच्या अध्यायाच्या पहिल्याच श्लोकावरून कळते. कारण आता अर्जुन तक्रार करतो: बुद्धी श्रेष्ठ म्हणता आणि मला घोर कर्मात लोटता, तुमच्या मिश्र बोलण्याने मी गोंधळतो, एक काय ते निश्चित सांगा. चौथ्या अध्यायात तर तो साक्षात वक्त्याच्या वचनावरच बोट ठेवतो. हा योग मी विवस्वानास सांगितला असे भगवंत म्हणतात. अर्जुन म्हणतो की, आपला जन्म अलीकडचा, विवस्वानाचा पूर्वीचा, मग हे मी कसे जाणावे? आपल्यापैकी किती निरूपणकारांना असा प्रश्न सहन होईल? 'श्रद्धा नाही' असा शिक्का मारून आपण मोकळे झालो असतो. तेथे मात्र याच प्रश्नाच्या उत्तरात अवताराचे रहस्य प्रकट झाले. ज्या अवतारज्ञानावर आपला सारा मार्ग उभा आहे, त्याचे गीतेतील निरूपण एका शिष्याच्या रोखठोक शंकेने निघाले आहे. प्रणिपात आणि सेवा यांच्या जोडीने परिप्रश्नाचे नाव त्याच चौथ्या अध्यायात पुढे येते, तेव्हा तो शब्द केवळ उपदेश म्हणून उरत नाही. तसा प्रश्न नुकताच झालेला असतो आणि त्याचे फळही मिळालेले असते.

याहून बोलका प्रसंग पाचव्या अध्यायाच्या आरंभी आहे. संन्यास की योग, यांत श्रेयस्कर काय ते एक सांगा, असे अर्जुन पुन्हा विचारतो. तिसऱ्या अध्यायातलाच प्रश्न जवळपास तसाच परत आला आहे. 'मघाशी सांगितले ना!' हे वाक्य श्रीकृष्णांच्या मुखी नाही. ते पुन्हा सांगतात, वेगळ्या अंगाने सांगतात. आमच्या पाठशाळांत हे 'मघाशी सांगितले ना' जितके विद्यार्थी गप्प करते, तितके दुसरे कोणतेही वचन करीत नसेल. आणि सर्व निरूपण झाल्यावर अठराव्या अध्यायात स्वतः भगवंतच विचारतात: एकाग्र चित्ताने ऐकलेस काय, तुझा मोह गेला काय? गप्प झालेल्या ज्या शिष्यापासून आरंभ झाला, त्याला शेवटी उत्तर द्यावयास लावूनच संवाद थांबतो.

आता आपल्या घराकडे वळू. सर्वज्ञांच्या सन्निधानात प्रश्न करणाऱ्यांत महदाइसेचे स्थान वेगळे आहे. ती नागदेवाचार्यांच्या नात्यातली, बालविधवा. तेराव्या शतकातल्या अशा बाईला समाजाने कोणता धडा दिला असेल? खाली मान घालून बसावे, विचारू नये, दिसू नये. तिला सर्वज्ञांनी जिज्ञासू म्हणून, चर्चा करणारी म्हणून, सदा काही ना काही विचारणारी म्हणून वाखाणले आहे. हे वाखाणणे सहज झालेले नाही. ज्या स्वभावासाठी तिला घरीदारी बोल लावला गेला असता, तोच स्वभाव येथे गुण म्हणून चारचौघांत सांगितला गेला. जवळ बसलेल्या दुसऱ्या एखाद्या अबोल बाईने ते ऐकले असेल तर तिच्या मनातही एखादा प्रश्न हलला असेल. पुढे रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंच्या आज्ञेने धवळे गाणारी, मराठीतील आद्य कवयित्री म्हणून ओळखली जाणारी महदंबा ती हीच. जिची वाणी प्रश्नासाठी मोकळी झाली, तिची वाणी गाण्यासाठीही मोकळी झाली, असे मला वाटते. याला आधार म्हणून पोथी दाखविता येणार नाही, पण माझा तसा समज आहे.

नागदेवाचार्यांनी पंडितांना केलेले उत्तर स्मृतिस्थळात आहे आणि मराठीच्या अभिमानाचा प्रसंग म्हणून ते आज पंथाबाहेरही वारंवार सांगितले जाते. संस्कृतातून विचारणाऱ्यांना त्यांनी सांगितले की, आपणास स्वामींनी मराठीत निरूपिले आहे, तुम्हीही त्याच भाषेत विचारा. भाषाभिमान त्यात आहेच. परंतु प्रसंग प्रश्नाचा आहे, हे विसरू नये. दोन पंडितांचा संस्कृत संवाद त्या दोघांत संपला असता. मराठीतला प्रश्न मात्र जवळ बसलेल्या प्रत्येकाचा होतो; ज्याला स्वतः विचारण्याचे धैर्य नाही, त्याला दुसऱ्याच्या प्रश्नात आपला प्रश्न सापडतो. केशिराजबासांची संस्कृत रचना थांबविताना आचार्यांना आपल्या म्हाताऱ्यांची आठवण झाली, त्या वंचित होतील ही चिंता वाटली. त्याच चिंतेचे हे दुसरे रूप समजावे. रिद्धपुरास मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाल्याचा आपणांस आनंद आहे, तो योग्यच. पण आपल्या स्वतःच्या निरूपणात 'अवच्छेदक', 'व्यावृत्ती', 'अतिव्याप्ती' अशा शब्दांची झड लागली की त्या म्हाताऱ्यांचे काय होते, तेही पाहावे. मराठी लिपीत असूनही ते त्यांना संस्कृतच होय.

अबोलपणाची कारणे एकाच जातीची नसतात. काहींना हसे होण्याची लाज वाटते. ही लाज बहुधा एकाच प्रसंगातून जन्मते: कोणीतरी कधीतरी विचारले, सभा हसली आणि निरूपणकारही हसले. काही जण आदराच्या चुकीच्या कल्पनेमुळे गप्प असतात. गुरुवचनावर प्रश्न करणे म्हणजे अवज्ञा, असे त्यांना लहानपणापासून सांगितलेले असते. आणि काहींच्या मनात असा प्रश्न असतो की, त्याचे उत्तर गैरसोयीचे होईल हे त्यांनाही ठाऊक असते. या शेवटच्या जातीविषयी थोडे विस्ताराने बोलणे भाग आहे, कारण मार्गातून माणसे जातात ती येथून.

सोळा-सतरा वर्षांचा एक नवशिका शिष्य कल्पा. तो आचारप्रकरण पाठ करीत आहे. साधकाने ओळखीचा देश सोडावा, निर्जन स्थळी झाडाखाली असावे, एके ठायी रुतू नये, भिक्षेवर राहावे, अशा अर्थाची वचने तो रोज घोकतो. घोकतो कोठे? पक्क्या बांधणीच्या आश्रमात, विजेच्या पंख्याखाली. त्याच्या मनात प्रश्न उठणे हे त्याच्या बुद्धीचे लक्षण आहे, उद्धटपणाचे नव्हे. तो विचारीत नाही. एक वर्ष, दोन वर्षे विचारीत नाही. मग तोच प्रश्न आतल्या आत विकल्प होतो: वचने पोथीसाठी आहेत आणि जगणे वेगळे आहे. एकदा हे मनात बसले की पुढची सर्व सूत्रे त्याला पाठ होतात, पण एकही सूत्र त्याला लागू होत नाही. पुढे तो मार्ग सोडतो किंवा, त्याहून वाईट, मार्गात राहून निरूपणकार होतो.

त्याने विचारलेच असते तर उत्तर अशक्य होते काय? मुळीच नाही. आज्ञा जशी आहे तशीच आहे, ती कोणी शिथिल केलेली नाही. अध्ययनाचा काळ, वार्धक्य, आजारपण, पोथ्यांचे जतन या निमित्तांनी एकत्र वास्तव्य वाढले. आश्रम ही सोय आहे, आचाराला तो पर्याय नव्हे, आणि अटन-विजनाची ओढ मनातून गेली तर सोयीचे बंधन होते, असे सरळ सांगता येते. वर, 'हा प्रश्न मलाही पडतो' एवढे एक वाक्य महंतांनी जोडले, तर त्या मुलाच्या मनातली अर्धी गाठ तेथेच सुटते.

गृहस्थ वासनिकाचे प्रश्न याहून निराळे, पण तितकेच खोल. वऱ्हाडातला कापूस पिकविणारा उपदेशी अहिंसेचे निरूपण ऐकतो. मुंगीलाही दुखवू नये, हे त्याला मनापासून पटते. सकाळी उठून त्याला बोंडअळीवर फवारणी करावयाची आहे. न केली तर वर्षाचे पीक आणि सावकाराचे देणे दोन्ही डोळ्यांपुढे आहेत. तो सभेत उभा राहून हे विचारणार नाही. विचारले तर लोक म्हणतील, शेती करतोस आणि अहिंसा कसली पुसतोस! म्हणून तो स्वतःच निकाल लावतो की, हा धर्म भिक्षुकांचा, आपण फक्त दंडवत घालावे आणि उपहार न्यावा. या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे असे मी म्हणत नाही. हेतू, अपरिहार्यता, जेवढे टळेल तेवढे टाळणे, घडल्याचे दुःख वाहणे, या सर्वांचा त्यात विचार करावा लागेल आणि तरीही काही शिल्लक राहील. पण तो शिल्लक भाग दोघांनी मिळून पाहणे आणि एकट्याने गिळून टाकणे, यांत धर्म टिकण्या-न टिकण्याचा भेद आहे.

कोणी म्हणेल, प्रश्नांना मोकळीक दिली की सभेत वितंडा माजेल. परिप्रश्न आणि वितंडा यांतला भेद म्हाइंभटांच्या एकाच आयुष्यात पाहावयास मिळतो. सराळ्याचे हे विद्वान प्रथम आले ते वादासाठी, आपल्या शास्त्राच्या बळावर. त्या वेळच्या प्रश्नामागे जिंकण्याची इच्छा होती. सर्वज्ञांपुढे ती गळून पडली. विद्वत्ता मात्र गळली नाही आणि विचारण्याची सवयही गेली नाही. श्रीप्रभूंच्या प्रयाणानंतर नागदेवाचार्य रिद्धपुरी स्मरणात मग्न असत. आपण हे कसले मनन करता, असे म्हाइंभटांनी पुसले. स्वामींच्या लीळा आठवतो, हे उत्तर आले, आणि त्यांतून लीळा लिहून ठेवण्याचा विचार निघाला. पुढे ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांच्याकडे जाऊन म्हाइंभट विचारीत राहिले, ऐकलेले आचार्यांपुढे ठेवून शोधून घेत राहिले. मराठीचा तो आद्य चरित्रग्रंथ म्हणजे, सरळ सांगावयाचे तर, एका माणसाने चिकाटीने केलेल्या प्रश्नांचे फळ होय. मौनात बसलेल्या एका वृद्धाला 'काय करता?' असे विचारण्याचे कोणास सुचले नसते, तर आज आपल्या हाती काय उरले असते?

येथून अध्यापनाची एक वाट दिसते आणि ती आपल्या परंपरेतलीच आहे. केशिराजबासांनी लीळांतून सर्वज्ञांची वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध केला. निवडताना वचन राहिले, प्रसंग बाजूस झाला. म्हणजे विद्यार्थी जे पाठ करतो त्यांतले कितीतरी भाग उत्तरे आहेत आणि त्यांचे प्रश्न त्याच्यापुढे नाहीत. प्रश्न नसलेले उत्तर पाठ करणाऱ्याने प्रश्न करावा तरी कशाचा? आपल्या पूर्वजांनी ही उणीव ओळखली होती. कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणास निरूपिले, हे सांगणारी 'प्रकरणवश' ही टीका त्यासाठीच आहे. तेव्हा नव्या विद्यार्थ्याला सूत्र देताना आधी अर्थ सांगू नये. हे कोणाला सांगितले असेल, त्याने काय विचारले असेल, त्याच्या मनात कोणते भय असेल, हे त्याला शोधावयास लावावे. चार दिवस त्याने आपली अटकळ मांडावी, मग प्रकरण उघडावे. अटकळ चुकली तरी बिघडत नाही. ज्या मुलाला स्वतःचा प्रश्न उच्चारण्याची लाज वाटते, तो बाइसेचा, महदाइसेचा, भटोबासांचा प्रश्न कोणता असेल हे सांगताना लाजत नाही. आणि पुष्कळदा त्यांच्या नावाने तो आपलाच प्रश्न बोलून जातो.

'समजले काय?' हा प्रश्न मात्र निरूपणातून वर्ज्य करावा, असे माझे मत आहे. त्याला 'होय' याशिवाय उत्तर नाही. त्याऐवजी, 'आज काय ऐकलेस ते मला सांग' असे म्हणावे आणि म्हटल्यावर थांबावे. हे थांबणेच आम्हांला जमत नाही. दोन पळांच्या शांततेने आम्ही अस्वस्थ होतो आणि शिष्याचे उत्तर आम्हीच देऊन टाकतो. तो अडखळला तर त्याच्या उत्तरातला जेवढा भाग बरोबर असेल तेवढा आधी उचलावा. सभेत ज्याला जमत नाही, त्याला सभेबाहेर गाठावे: भिक्षेच्या वाटेवर, पाणी भरताना, सायंकाळच्या स्मरणानंतर. स्त्रियांच्या बाजूचे प्रश्न तपस्विनींच्या मार्फत आले तरी चालतील, परंतु उत्तर सभेत मोठ्याने द्यावे, म्हणजे विचारणारीचे नाव न उघडता सर्वांचे काम होते. चिठ्ठीवर लिहून दिलेला प्रश्नही प्रश्नच. आणि उत्तर त्या क्षणी ठाऊक नसेल तर 'पोथी पाहून सांगतो' असे म्हणून खरोखरच पोथी पाहून सांगावे. पुष्कळ ठिकाणी पहिला अर्धा भाग होतो, दुसरा राहून जातो.

एक सावधगिरीही हवी. सर्वच मौन मोडावयाचे नसते. ऐकलेले मनात मुरवीत बसलेला शिष्य असतो. त्याला दररोज उभे करून विचारणे म्हणजे पेरलेले बी उगवले काय म्हणून रोज उकरून पाहणे. तो ओळखावा कसा? त्याच्या आचरणात हळूहळू काही बदलत असते. वचन ऐकल्यावर त्याचे बोलणे, खाणे, दुसऱ्याशी वागणे थोडे तरी हलते. मौन आहे आणि आचरणही जसेच्या तसे आहे, तेथे मात्र जवळ जाऊन बसावे.

येता चातुर्मास आश्रमोआश्रमी निरूपणाचा आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने आणि ज्यांना शक्य असेल त्या वासनिकांनी आठवड्यास एकच सूत्र घ्यावे, त्याचा मूळ प्रसंग लीळांत शोधावा आणि आपला एक प्रश्न त्याखाली लिहून आणावा. निरूपणाचा आरंभ त्या प्रश्नांपासून करावा, शेवटी उरलेल्या वेळात त्यांची बोळवण करू नये. आलेल्या प्रश्नांपैकी जे कठीण वाटतील, ज्यांवर स्थानिक ज्येष्ठांतही मतभेद होईल, ते या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावेत. पुढील अंकांत जाणत्या महंतांकडून त्यांवर विचार करविण्याचा मानस आहे. विचारणाऱ्याचे नाव छापले जाणार नाही.

दंडवत प्रणाम.